‘फॉरमॅट मारा’ म्हणतील; मारू नका!

मैत्रिणींनो, उन्हाळी वाळवणांच्या पत्रांची चळत आज बाजूला ठेवली आहे. पापडखाराचं प्रमाण आणि कुरडया काळ्या का पडतात हे पुढच्या आठवड्यात. आज एका वेगळ्याच पत्राला उत्तर द्यायचं आहे, कारण तेच दुखणं थोड्याफार फरकाने आणखी चार-पाच जणींनी कळवलं आहे.

पत्र दारव्ह्याचं आहे. नाव छापू नका असं लिहिणारीने बजावलंय, म्हणून छापत नाही. तिच्या सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी घरात जो फोन होता, त्यातलं नखाएवढं मेमरी कार्ड तिने काढून, कापसात गुंडाळून कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलं होतं. त्या कार्डात दोन व्हिडिओ आहेत. एकात सासूबाई अंगणात बसून सरगुंडे करताहेत, काडीवर पिठाची वळी गुंडाळता गुंडाळता सुनेला बोलताहेत. दुसऱ्यात त्या शकुंतला गाडीच्या खिडकीशी बसल्या आहेत, कारंज्याला माहेरी निघाल्या आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ती आपली नॅरोगेज गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेलचं आलं. आता ती धावत नाही. म्हणजे बघा, सासूबाई नाहीत आणि गाडीही नाही. पुन्हा टिपायचं म्हटलं तरी टिपता येणार नाही.

श्राद्धाला सगळे जमले, तेव्हा मुलाने ते कार्ड यूएसबीच्या रीडरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं. फोटो दिसले. सगळे निवडून कॉपी करायला घेतले. निम्म्यापर्यंत सुरळीत चाललं आणि मग हिरवी पट्टी जी थांबली ती थांबलीच. थोड्या वेळाने संदेश आला की फाइल वाचता येत नाही. मुलाने कार्ड ओढून काढलं, पुन्हा घातलं, तर आता संगणक म्हणतो, ‘हे वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का?’ मुलगा घाबरला. दुसऱ्या दिवशी ही बाई कार्ड घेऊन मोबाइलच्या दुकानात गेली. तिथला पोरगा म्हणाला, “काकू, कार्ड करप्ट झालं हे. फॉरमॅट मारा लागते. मारून देऊ का?”

तिने काय केलं सांगू? “यांना विचारून सांगते,” म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये टाकून सरळ घरी आली. मला तर फार कौतुक वाटलं. ‘यांना विचारून सांगते’ या तीन शब्दांनी आजवर बायकांनी काय काय वाचवलं असेल, त्याचा हिशेबच नाही.

तर पहिली गोष्ट, आणि बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका. कार्ड वाचता येत नाही असा संदेश आला की ते दुरुस्त करायच्या मागे लागायचं नाही. त्यातलं सामान बाहेर काढायच्या मागे लागायचं. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुरुस्तीचा जो जो उपाय आहे, तो कार्डावर काही ना काही नवीन लिहितो, आणि नवीन लिहिलं की जुनं पुसलं जायची भीती. म्हणून ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाला ‘नाही’. ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ या प्रश्नालाही तूर्त ‘नाही’. त्या कार्डावर नवीन फोटो काढायचा नाही, फोनमध्ये घालून ‘बघू तरी’ म्हणून चार दिवस वापरायचं नाही. कार्ड बाहेर काढून डबीत ठेवायचं आणि डोकं शांत झालं की पुढचं करायचं.

असं का, ते कळण्यासाठी कार्डाच्या पोटात जरा डोकावू या.

त्या चिमुकल्या काळ्या तुकड्यात दोन जणांचा संसार असतो. एक म्हणजे साठवणीची चिप. तिच्यात अब्जावधी अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा एवढुसा भार कोंडलेला असतो. तो किती आहे, यावरून अक्षर ठरतं. ही युक्ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. पुढे १९९९ साली तोशिबा, पॅनासॉनिक आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड आणलं. आपल्या फोनमधलं मायक्रो कार्ड हे त्याचंच धाकटं भावंड. दुसरा जण म्हणजे कंट्रोलर. हा घरातल्या कारभाऱ्यासारखा. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय हे तो सांभाळतो, आणि एखाद-दुसरं अक्षर पुसट झालं असेल तर मागच्या-पुढच्या नोंदींवरून ते भरूनही काढतो.

आता कोंडलेला भार कायम तसाच राहत नाही. तो हळूहळू झिरपतो. कार्ड वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तर झिरपतो, आणि उकाड्यात जास्त वेगाने झिरपतो. आपल्या यवतमाळकडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीशेजारच्या फडताळात काय तापतं ते हात लावून पाहा. अक्षरं फारच पुसट झाली की कारभाऱ्यालाही लागत नाहीत. तो दोनदा, चारदा प्रयत्न करतो (पट्टी अडकून पडते ती याच वेळी), आणि शेवटी हात वर करतो. त्याचं हात वर करणं म्हणजेच आपल्याला दिसणारी ‘रीड एरर’.

पण प्रत्येक वेळी चूक कार्डाचीच असते असं नाही, आणि इथेच दुकानातली पोरं घाई करतात. कार्डातून निघालेली फाइल रीडरमधून, केबलमधून, संगणकाच्या भोकातून प्रवास करत येते. वाटेत काही सांडलं का, हे बघायला प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळ्याचा आकडा पाठवलेला असतो. धोब्याकडे कपडे देताना आपण वहीत ‘चादरी चार, शर्ट सहा’ लिहितो ना, तसंच. पलीकडे गठ्ठा उघडल्यावर मोजणी जुळली तर ठीक, नाही जुळली तर तोच गठ्ठा पुन्हा मागवला जातो. केबल सैल असेल, टोकाला धूळ असेल, तर मोजणी वारंवार चुकते आणि संगणक कंटाळून काम सोडून देतो. कार्ड बिचारं धडधाकट असतं आणि नाव त्याचं खराब होतं.

म्हणून शोध नेहमी स्वस्त वस्तूपासून सुरू करायचा. गॅस पेटत नाही म्हणून आपण लगेच शेगडी बदलत नाही, आधी सिलिंडर संपला का ते बघतो.

फोन थेट केबलने जोडत असाल, तर आधी केबल बदला. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. चार्जरबरोबर मिळणाऱ्या किंवा रस्त्यावर घेतलेल्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, म्हणून आपण केबल चांगली आहे असं धरून चालतो, आणि संगणकाला मात्र फोन दिसतच नाही. केबल चांगली असेल तर फोनवर वरून खाली बोट ओढून बघा, यूएसबी कशासाठी वापरायची असा प्रश्न दडलेला असतो. तिथे ‘फक्त चार्जिंग’ ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

मात्र दुखणाईत कार्ड फोनमध्ये ठेवून केबलने उतरवण्यापेक्षा फोन बंद करून कार्ड बाहेर काढावं आणि रीडरमध्ये घालावं, हे बरं. फोन चालू असला की तो स्वतःच कार्डावर काहीबाही लिहीत बसतो. छोट्या चित्रांच्या फाइली करतो, गाण्यांची यादी करतो. आपल्याला ते नको आहे.

याला एक अपवाद आहे. काही फोनमध्ये कार्ड घातल्यावर ‘फोनचीच जागा म्हणून वापरू का’ असं विचारतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ नंतर आली. तेव्हा कुणी ‘हो’ म्हटलं असेल, तर त्या कार्डाला त्याच फोनचं कुलूप लागतं. दुसरीकडे कुठेही घाला, ते कोरं किंवा बिघडलेलं दिसणार. असं कार्ड बिघडलेलं नसतं, त्याला फक्त आपलं घर हवं असतं. जुना फोन दुरुस्त करून त्यातच ते उघडावं लागतं. म्हणून फोन भंगारात देण्याआधी हे आठवा.

रीडरबद्दल. जुन्या रीडरला मोठी कार्डं कळत नाहीत. पहिल्या जातीची एसडी कार्डं दोन जीबीपर्यंतची. त्यापुढची बत्तीस जीबीपर्यंतची वेगळी जात, त्यावर एसडीएचसी असं लिहिलेलं असतं. त्याहून मोठ्यांची आणखी वेगळी, एसडीएक्ससी. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा रीडर चौसष्ट जीबीचं कार्ड घातलं की गोंधळतो आणि आपल्याला वाटतं कार्ड गेलं. शेजारणीचा नवा रीडर मागून आणा आणि लावून बघा. संगणक उभ्या डब्याचा असेल तर पुढच्या भोकाऐवजी मागच्या भोकात लावा. पुढची भोकं आतून लांब तारेने जोडलेली असतात आणि ती तारच कित्येकदा सैल असते. चार तोंडांचा हब मध्ये असेल तर तो काढून टाका.

(हे यूएसबीचं टोक तीनदा फिरवल्याशिवाय आत जात नाही, असं सगळ्या जगाचं म्हणणं आहे. ते ज्यांनी घडवलं त्यांतले एक प्रमुख, अजय भट्ट, आपल्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. १९९६ साली पहिली यूएसबी आली. हल्लीचं सी जातीचं टोक कसंही घातलं तरी जातं, ते एक सुख झालं.)

मायक्रो कार्ड मोठ्या एसडीच्या कव्हरमध्ये घालून वापरतात, ते कव्हरही तपासा. त्यातल्या पितळी पट्ट्या दबून जातात. दुसरं कव्हर घेऊन बघावं, महाग नसतं. आणि त्या कव्हरच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, तिच्याकडे माझ्यासारख्या कित्येकींचं लक्षच गेलेलं नसेल. ती खाली सरकवली की कार्डाला कुलूप. मग बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत, पण वाचायला आडकाठी नसते. दुखणाईत कार्ड संगणकात घालण्याआधी हे कुलूप लावावंच. चुकून कुणाचं बोट फॉरमॅटवर पडलं तरी बहुधा वाचतं.

आता सफाई. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या डोळ्यांजवळ धरून बघा. आपल्या भागात कापसाचे दिवस आले की तंतू कुठे कुठे शिरतात ते तुम्ही जाणता. साडीच्या घडीत निघतात, तर फोनच्या खाचेत का नाही निघणार? मऊ, कोरड्या, सुती फडक्याने पट्ट्या पुसाव्यात. चिकट असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला किंचित लावून पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. पाणी नको. तोंडाने फुंकर नको, तिच्यात ओलावा असतो. आणि मैत्रिणींनो, नेलपॉलिश काढायचं औषध तर मुळीच नको. त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं. एकीने ते करून बघितलं आणि मला कळवलं, तेव्हा तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एवढं करून कार्ड उघडलं, फोटो दिसू लागले, की आनंदाच्या भरात ‘सगळं निवडा, कॉपी’ करू नका. दारव्ह्याच्या मुलाचं तेच चुकलं. हजार फोटो एकदम उचलले आणि त्यातला एक खराब निघाला, तर संगणक तिथेच अडून बसतो आणि मागचे पाचशे चांगलेही वाट बघत राहतात. आधी जे सर्वांत मोलाचं आहे ते एकेक करून काढा. मग बाकीचे वीस-वीस, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झोंबत बसायचं नाही. वगळून पुढे जायचं आणि सगळं झाल्यावर शेवटी तिच्याकडे वळायचं. मरणपंथाला लागलेलं कार्ड किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो, म्हणून ही क्रमवारी महत्त्वाची. हाताला कार्ड गरम लागलं तर काढून पंधरा-वीस मिनिटं विसावू द्यावं.

आणि ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’. हे मी स्वतःचे हात पोळून शिकले. भाचीच्या लग्नाचे फोटो मी ‘कट’ करून लॅपटॉपवर टाकत होते, मध्येच वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. परत सुरू केलं तेव्हा हळदीचे काही फोटो ना इकडे होते, ना तिकडे. भाची काही बोलली नाही, पण अल्बम बघताना हळदीचं पान आलं की माझ्याकडे बघते, ते पुरे होतं.

आता समजा, कार्ड संगणकाला दिसतं, पण आत काही नाही, किंवा नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आहेत, किंवा ‘फॉरमॅट करू का’ हेच पालुपद चालू आहे. दारव्ह्याची गत हीच झाली होती. अशा वेळी बहुतेकदा सामान गेलेलं नसतं, सामानाची यादी फाटलेली असते. कार्डाच्या सुरुवातीच्या भागात कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही असते. चालू काम सोडून कार्ड ओढून काढलं, की ती वही अर्धवट राहू शकते. फडताळातल्या सगळ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या, म्हणून आतले मेतकूट आणि तिखट नाहीसं होत नाही ना? झाकण उघडून वास घेतला की कळतं.

तसा वास घेणारा एक प्रोग्रॅम आहे, फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी तो लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. तो नोंदवहीकडे बघतच नाही. सगळं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपतो. प्रत्येक फोटोच्या फाइलची सुरुवात एका ठरावीक खुणेने होते, ती खूण सापडली की तिथून फोटो उचलतो. कार्डावर काही लिहीत नाही. त्याचा चेहरा काही सुंदर नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतात. पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला बसवलंत तर तासाभरात जमेल. दोन गोष्टी त्याला सांगा. सापडलेल्या फाइली संगणकावर ठेवायच्या, त्याच कार्डावर नव्हे. आणि फाइलींची जुनी नावं परत मिळत नाहीत, आकड्यांची नावं येतात. हजारभर फोटो निवडत बसायची तयारी ठेवा. तांदूळ निवडायचा आपल्याला सराव आहेच.

कार्ड वाचता वाचता वारंवार अडत असेल, तर जाणकार माणूस आधी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी एक प्रतिमा संगणकावर उतरवून घेतो आणि मग शोधाशोध त्या प्रतिमेवर करतो, म्हणजे मूळ कार्डाला पुन्हा पुन्हा त्रास होत नाही. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. तो सोपा भाग आधी उतरवतो आणि अवघड जागा शेवटी धरतो. आपण पोलके उसवताना नाही का, सुटणारा टाका आधी काढतो आणि गाठ शेवटी, तसंच.

कुठल्याच रीडरमध्ये, कुठल्याच फोनमध्ये कार्ड मुळी उमटतच नसेल, तर मात्र कारभारीच गेला असं समजावं. मग घरचे उपाय थांबवा. फ्रीजमध्ये ठेवणं, उन्हात ठेवणं, वाकवून बघणं यातलं काही करू नका. मोठ्या शहरांत चिपमधून थेट माहिती काढणाऱ्या प्रयोगशाळा असतात, पण खर्च बराच येतो. आतल्या वस्तूचं मोल तेवढं आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. जाणार असाल तर ‘माहिती निघाली नाही तर किती पैसे’ हे आधी लिहून घ्या.

दुकानात कार्ड द्यायची वेळ आली, तर एक स्पष्ट बोलते. कार्डात फक्त सहलीचे फोटो नसतात. बाळाला न्हाऊ घालतानाचे असतात, बाळंतपणातले असतात, नवरा-बायकोचे असतात, बँकेच्या पासबुकाचे आणि आधार कार्डाचेही असतात. ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हटलं की आपण मुकाट्याने ठेवून येतो. ठेवू नका. शिंप्याकडे ब्लाउज टाकण्यासारखं ते नाही. समोर स्टुलावर बसून काम करून घ्या, तासभर लागला तर लागला. सोबत स्वतःचा पेनड्राइव्ह न्या, सामान त्यात घ्या, आणि दुकानाच्या संगणकावर उतरवलेली प्रत तुमच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायला सांगा. तिथली टोपलीही रिकामी करायला सांगा, नुसतं पुसलेलं त्या टोपलीत पडून असतं. संकोच वाटला तर नणंदेला, जावेला सोबत घ्या. दोघी असल्या की दुकानदारही नीट बोलतो.

नव्या कार्डांतली एक लबाडीही सांगून ठेवते. बाजारात, आणि घरपोच मागवलेल्या वस्तूंतही, वर एकशेअठ्ठावीस जीबी छापलेलं आणि आत आठ-सोळाचीच जागा असलेलं नकली कार्ड मिळतं. त्याच्या कारभाऱ्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की नवे फोटो जुन्यांच्या डोक्यावर तरी पडतात, नाहीतर हवेत जातात. यादीत नाव दिसतं, आकार दिसतो, आणि उघडायला गेलं तर वाचता येत नाही. त्यातलं परत काहीच मिळत नाही, कारण ते कधी लिहिलंच गेलेलं नसतं. नवं कार्ड आणल्यावर, त्यात काही ठेवण्याआधी, एफथ्री किंवा एच्‌टूटेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमने ते काठोकाठ भरून आणि परत वाचून तपासता येतं. मोठ्या कार्डाला दोन-चार तास लागतात, रात्री लावून झोपावं.

आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात वाघ मोजायचे असले की झाडांना कॅमेरे बांधतात. समोरून जनावर गेलं की फोटो निघतो आणि तो साठतो अशाच कार्डावर. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून कोण कोण ते ओळखतात. २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यांतले वाघांचे ७६,६५१. एवढ्या पसाऱ्यात काम कसं चालतं? कार्ड काढून आणायचं, फोटो संगणकावर उतरवायचे, कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात. कार्ड म्हणजे त्यांच्या लेखी बाजाराची पिशवी. आपण मात्र भाजी पिशवीतच ठेवून वर्षभर पिशवी खुंटीला टांगतो आणि मग वास का येतो म्हणतो.

दर दिवाळीच्या साफसफाईत हे काम घालून घ्या. घरातल्या सगळ्या फोनची, कॅमेऱ्याची कार्डं संगणकावर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायची. एक प्रत आपल्याकडे आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी. मी माझी माहेरी ठेवते. आग, पाणी, चोरी एकाच दिवशी दोन्ही घरांत शिरत नाही, आणि प्रत द्यायच्या निमित्ताने दोन दिवस जाणंही होतं. कार्ड काढताना आधी ‘इजेक्ट’ दाबावं आणि ‘आता काढायला हरकत नाही’ असं संगणकाने सांगितल्यावरच काढावं. आणि एकदा ज्या कार्डाने दगा दिला, त्यातलं सामान निघाल्यावर त्याला निवृत्त करावं. फेकण्याआधी कात्रीने तुकडे करून फेकावं.

आता दारव्ह्याचं काय झालं ते सांगते. माझ्या फोननंतर मायलेकांनी पुसदहून नवा रीडर आणि नवं कव्हर आणलं. कुलूप लावून कार्ड घातलं, तरी ‘फॉरमॅट करू का’ आलंच. मग कार्डाची पूर्ण प्रतिमा उतरवून घेतली. एक अख्खी रात्र लागली. शेवटचा थोडासा भाग निघालाच नाही. त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवल्यावर बाराशेच्या आसपास फोटो आणि बहुतेक व्हिडिओ मिळाले. शकुंतलेचा व्हिडिओ पूर्ण आहे, शिटीसुद्धा ऐकू येते. सासूबाई खिडकीतून बाहेर बघून काहीतरी म्हणतात ते गाडीच्या खडखडाटात नीट कळत नाही, पण त्यांची मोठी लेक म्हणते, मला कळलं.

सरगुंड्यांचा व्हिडिओ सात मिनिटांचा होता, त्यातली चार मिनिटं आणि काही सेकंद मिळाली. पीठ किती घट्ट भिजवायचं, तेलाचा हात कधी लावायचा, काडीवरून वळी कशी सोडवायची, हे सगळं आलं आहे. सासूबाई म्हणतात, “आता हे वाळले की मग शिजवताना पाण्यात...” आणि तिथे चित्राचे चौकोन होऊन ते थांबतं. पाण्यात त्या काय घालत होत्या, ते या भगिनीला आठवत नाही. तिने पहिल्यांदा केले तेव्हा सरगुंडे भांड्यात एकमेकांना चिकटून गोळा झाला, दुसऱ्यांदा तळाला लागले. तिच्या सासूबाईंचं माहेर कारंज्याचं. कारंजा, दारव्हा, दिग्रस या पट्ट्यात ज्यांच्या घरी अजून सरगुंडे होतात, त्यांनी शिजवण्याची आपापली रीत पोस्टकार्डावर लिहून माझ्या नावे पाठवावी. पत्रं मी दारव्ह्याला पोहोचवीन. आंबे बाजारात यायच्या आत आली तर फार बरं होईल.